परळचे घोडे, ऑस्लोचे ससे

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले इस्लापूर हे पैनगंगेच्या खोऱ्यातले गाव. जवळच सहस्रकुंडाचा धबधबा, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, आसपास सागाचे जंगल आणि कापूस-सोयाबीनची राने. पावसाळा लागला की शेतात राबणाऱ्याच्या पायाखाली साप येतो आणि डबक्यांबरोबर हिवतापही येतो. अशा भागातल्या आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये सर्पदंशावरच्या औषधाच्या कुप्या असाव्या लागतात. आशाताईंच्या पिशवीत हिवताप तपासायची पट्टी असते. बाळ जन्मले की चोवीस तासांच्या आत त्याला हेपटायटिस-बीच्या लसीचा पहिला डोस द्यायचा असतो.

या तिन्ही गोष्टींचा उगम प्रतिपिंडात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या अँटिबॉडीत आहे. सापाचे औषध म्हणजे घोड्याच्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे. हिवतापाच्या पट्टीवरची लाल रेघ उमटते ती प्रतिपिंडांमुळे. हेपटायटिस-बीची लस ज्या विषाणूविरुद्ध दिली जाते, त्याचा माग तर रक्तातली चरबी वाहणाऱ्या एका प्रथिनाचा अभ्यास करताना लागला. त्या प्रथिनाला ओळखणारे प्रतिपिंड शास्त्रज्ञांच्या हाती आले नसते, तर तो विषाणू आणखी किती वर्षे अंधारात राहिला असता, हे सांगणे कठीण आहे. आज हृदयविकाराचा धोका मोजण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी प्रतिपिंडेही याच घराण्यातली. या घराण्याचा इतिहास बर्लिन, परळ, ऑस्लो आणि नागपूर अशा दूरदूरच्या गावांतून जातो. त्यात घोडे आहेत, ससे आहेत, आणि आपल्या रक्ताचा नमुना देऊन गेलेली असंख्य अनाम माणसे आहेत.

आधी चरबीच्या वाहतुकीविषयी. रक्तात बहुतांश पाणी असते आणि चरबी पाण्यात विरघळत नाही. तरीही जेवणातले तेल-तूप आणि यकृताने बनवलेले कोलेस्टेरॉल रक्तातूनच शरीरभर पोचते, कारण काही प्रथिने या चरबीला सोबत घेऊन बारीक कणांच्या रूपात वाहून नेतात. त्यांतले एक महत्त्वाचे प्रथिन म्हणजे एपोलायपोप्रोटीन-बी, डॉक्टरांच्या बोलण्यातले एपो-बी. यकृतात बनणारा त्याचा पूर्ण रेणू ४,५३६ अमिनो आम्लांचा, म्हणजे शरीरातल्या फार मोठ्या प्रथिनांपैकी एक. त्याचा विशेष असा की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून तिथे साचणाऱ्या प्रत्येक कणावर एपो-बीचा नेमका एकच रेणू असतो. बाजाराच्या वाटेवर निघालेल्या बैलगाड्यांत प्रत्येक गाडीवर एकच गाडीवान असावा, तसे हे आहे. गाडीवान मोजले की गाड्या मोजून होतात, कुठल्या गाडीत माल जास्त आणि कुठल्या गाडीत कमी याने हिशेब बदलत नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये माल मोजला जातो, एपो-बीच्या तपासणीत गाड्या.

पण मोजायचे कसे? रक्तात हजारो प्रकारची प्रथिने एकत्र तरंगत असतात. त्यांतले नेमके एक ओळखून त्यालाच चिकटेल असे रसायन कारखान्यात बनवणे माणसाला जमत नव्हते. प्राण्याच्या शरीराला मात्र ही विद्या उपजत आहे. परके प्रथिन शरीरात शिरले की काही आठवड्यांत रक्तात त्याला पकडणारे प्रतिपिंड तयार होते. शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षे केले ते एवढेच: प्राण्याच्या या विद्येचा उपयोग करून घेण्याची रीत त्यांनी बसवली.

सुरुवात बर्लिनमध्ये झाली. १८९० साली एमिल फॉन बेरिंग आणि जपानहून तिथे आलेले शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले की धनुर्वाताच्या विषाची सवय करून दिलेल्या प्राण्याचे सीरम दुसऱ्या प्राण्याला दिले, तर तोही त्या विषापासून वाचतो. म्हणजे संरक्षण करणारी वस्तू रक्तात असते, आणि ती एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेता येते. घटसर्पावरच्या सीरमसाठी बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. पॅरिसमध्ये एमिल रू यांनी १८९४ पर्यंत या कामासाठी घोडे वापरायला सुरुवात केली होती. घोड्याचे अंग मोठे, रक्त भरपूर, आणि नीट निगा राखली तर तो वर्षानुवर्षे सीरम देऊ शकतो. त्याच सुमारास आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर हीच रीत वापरली आणि सर्पदंशावरच्या औषधाचा पाया घातला.

मुंबईत ही विद्या रुजली ती परळला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसाहून पॅरिसला आणि तिथून हिंदुस्थानात आलेले वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका छोट्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेला परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस मिळाले. या वाड्यात एके काळी मुंबईचे गव्हर्नर राहत. १८८० च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तिथेच पटकीने मृत्यू झाला आणि गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार पॉइंटला हलले. १९२५ साली या संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. १९३० च्या दशकात साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत लस आणि सीरम मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची घडी बसली.

सर्पविषावरच्या सीरमचे काम जवळून पाहिले तर त्यात घाई कुठेच चालत नाही, हे लक्षात येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे वाळवलेले विष अगदी सूक्ष्म मात्रेत घोड्याच्या कातडीखाली टोचतात. मात्रा आठवड्यामागून आठवडा वाढवत नेतात. मध्ये घोड्याला ताप आला, टोचलेली जागा सुजली, खाणे कमी झाले, तर पुढची मात्रा थांबते. काही महिन्यांनी, एरवी घोडा दगावेल एवढे विषही त्याला सहज सोसते. मग मानेच्या शिरेतून बेताने रक्त काढतात आणि ते थंड जागी ठेवतात. लाल पेशी तळाशी बसतात, वर गवताच्या काडीच्या रंगाचा द्रव उरतो. आजच्या पद्धतीत लाल पेशी घोड्याला परत दिल्या जातात, म्हणजे त्याला अशक्तपणा येत नाही. वरच्या द्रवातली प्रतिपिंडे वेगळी काढून पेप्सिन या पाचक रसाने त्यांचा नको असलेला भाग तोडतात, कारण घोड्याच्या प्रथिनाची माणसाला रिअॅक्शन येण्याचा धोका त्याने कमी होतो. शेवटी ते गोठवून कोरडे करतात आणि कुपीत भरतात. आरोग्य केंद्रात त्यात १० मिलिलिटर शुद्ध पाणी घालून ते सलाइनमधून रुग्णाला देतात.

चार साप का? कारण घोणशीच्या विषाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मण्यारीच्या विषापुढे फारशी उपयोगी पडत नाहीत. पाय धरून आलेल्या शेतकऱ्याने अंधारात साप ओळखलेला असेलच असे नाही. म्हणून एकाच कुपीत चौघांवरचा उतारा असतो. प्रतिपिंडाचा हा काटेकोर स्वभाव, एकालाच ओळखायचे आणि शेजाऱ्याला सोडून द्यायचे, हेच पुढे तपासणीच्या कामी आले.

या घोड्यांच्या निमित्ताने महाराष्ट्रात एक मोठा उद्योगही उभा राहिला. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय होता. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे ते सीरमसाठी हाफकिनला देत. हे सीरम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू केले. सुरुवातीचे उत्पादन धनुर्वातावरचे सीरम होते. १९७५ साली हाफकिनचेही दोन भाग झाले. संशोधन आणि प्रशिक्षण मूळ संस्थेकडे राहिले, उत्पादन सरकारी महामंडळाकडे गेले.

औषध म्हणून प्रतिपिंडाची कामगिरी सुरू असतानाच त्याचा दुसरा गुण लोकांच्या ध्यानात आला होता. १८९७ मध्ये व्हिएन्नात रुडॉल्फ क्राउस यांना दिसले की जंतू वाढवलेल्या गाळीव द्रवात त्याच जंतूंविरुद्धचे सीरम घातले की स्वच्छ द्रव गढूळ होतो आणि साका तळाशी बसतो. म्हणजे प्रतिपिंड आपल्या सावजाला पकडते तेव्हा ते डोळ्यांना दिसते. १९०१ साली जर्मनीत पाउल उलेनहुट यांनी हाच गुण वापरून वाळलेल्या डागातले रक्त माणसाचे की जनावराचे, हे सांगण्याची रीत बसवली. सशाला माणसाच्या रक्ताची सवय करून द्यायची आणि त्याचे सीरम डागाच्या पाण्यात घालायचे. गढूळ झाले तर रक्त माणसाचे. इथून पुढे सशाच्या सीरमला न्यायालयातही मान मिळाला.

रक्तगटांचे शास्त्रही याच गुणावर उभे आहे, आणि त्यात मुंबईचे नाव कायमचे कोरले गेले आहे. १९५२ साली परळच्याच केईएम रुग्णालयातले वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. तीन व्यक्तींचे रक्त वरवर पाहता ओ गटासारखे दिसत होते, पण त्यांच्या सीरममधली प्रतिपिंडे ओ गटाच्या पेशींनाही गोळा करत होती. ओ गटात असणारा एच नावाचा घटकच या लोकांच्या रक्तात नव्हता. हाच जगभर 'बाँबे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला गेला. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा रक्तगट असतो, आणि त्याला फक्त त्याच गटाचे रक्त चालते. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था त्यातूनच घडली. कोणत्या रुग्णाच्या रक्तात कोणते प्रतिपिंड दडले आहे हे शोधण्याची शिस्त महाराष्ट्रात अशी बसली.

चरबीच्या वाहकांचा शोधही घोड्याच्याच रक्तातून लागला. १९२९ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मिशेल माशबफ यांनी घोड्याच्या सीरममधून एक विलक्षण पदार्थ वेगळा काढला. त्यात प्रथिन होते आणि चरबीही होती, तरीही तो पाण्यात स्वच्छ विरघळत होता. पुढे १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात जॉन गॉफमन यांनी अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात सीरम घुसळून हे कण त्यांच्या घनतेप्रमाणे वेगळे केले. एलडीएल आणि एचडीएल ही रिपोर्टावर रोज दिसणारी अक्षरे त्या वर्गवारीतून आली. पण ते यंत्र अवाढव्य आणि महाग, आणि एका नमुन्याला फार वेळ लागे. सगळ्या गावाचे रक्त त्यात तपासणे शक्य नव्हते.

हे काम एका साध्या बशीने सोपे केले. स्वीडनमधल्या अर्यान उख्टरलोनी यांनी १९४८ च्या सुमारास सुचवलेली पद्धत अशी: काचेच्या बशीत अगरचा पातळ थर ओतायचा. थर घट्ट झाला की त्यात छोटे खड्डे कोरायचे. मधल्या खड्ड्यात प्रतिपिंड असलेले सीरम आणि भोवतालच्या खड्ड्यांत तपासायची सीरम थेंबथेंब सोडायची. बशी झाकून दमट जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत दोन्हीकडचे द्रव जेलमधून एकमेकांकडे सरकतात. जिथे प्रतिपिंडाला आपले प्रथिन भेटते, तिथे दोन खड्ड्यांच्या मध्ये पांढुरकी बारीक कमान उमटते. बशी दिव्यासमोर तिरकी धरली की ती दिसते. रेघ चरबीवाल्या प्रथिनाची आहे का, हे पाहायला सुदान ब्लॅक हा रंग वापरतात. चरबी असेल तर रेघ निळसर काळी होते.

अमेरिकेतले बारूक ब्लुमबर्ग याच बशीवर काम करत होते. त्यांचा तर्क सरळ होता. ज्या रुग्णांना अनेकदा दुसऱ्यांचे रक्त चढवले आहे, त्यांच्या शरीरात इतरांच्या प्रथिनांतले बारीक फरक ओळखणारी प्रतिपिंडे तयार झाली असणार. १९६१ साली त्यांनी आणि अँथनी अॅलिसन यांनी असे एक सीरम शोधून काढले. ते काही लोकांच्या सीरमबरोबर रेघ देत होते, काहींच्या नाही, आणि ती रेघ सुदान ब्लॅकने रंगत होती. तो चरबी वाहणाऱ्या बीटा-लायपोप्रोटीनमधला आनुवंशिक फरक होता. त्या कणांचे मुख्य प्रथिन एपो-बी हेच. अशा प्रकारे चरबीवाहक प्रथिनाला ओळखणारे प्रतिपिंड आजारी माणसाच्याच अंगातून मिळाले.

मग ब्लुमबर्ग यांनी जगभरातून जमवलेली सीरम अशा बश्यांवर एकामागून एक तपासायला घेतली. १९६३ साली हार्वी ऑल्टर यांच्यासह काम करताना त्यांना एक न जुळणारी रेघ दिसली. न्यूयॉर्कच्या हिमोफिलियाच्या रुग्णाचे सीरम ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या सीरमबरोबर रेघ देत होते. सुदान ब्लॅकने ती जेमतेम रंगली, पण प्रथिनाला रंगवणाऱ्या अॅझोकार्मिनने लाल झाली. म्हणजे हा चरबीचा नेहमीचा वाहक नव्हता. त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजन' म्हटले गेले आणि काही वर्षांत उलगडले की ते काविळीच्या हेपटायटिस-बी विषाणूचे आवरण आहे. ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले. आज भारतातल्या कुठल्याही रक्तपेढीतली पिशवी या विषाणूसाठी तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. मराठवाड्याचे जुने राजधानीचे शहर हैदराबाद. तिथल्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली हेपटायटिस-बीची देशी लस बाजारात आणली आणि तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. २०११ पासून ही लस देशभरातल्या नियमित लसीकरणात आहे.

त्याच १९६३ साली ऑस्लोमध्ये कोरे बर्ग यांनी सशांना माणसाचे बीटा-लायपोप्रोटीन टोचले. तयार झालेल्या सीरममधून सगळ्यांच्या रक्तात असणाऱ्या प्रथिनांना ओळखणारी प्रतिपिंडे त्यांनी काढून टाकली. जे उरले ते साधारण तिघांपैकी एकाच्याच रक्ताबरोबर रेघ देत होते. हा चरबीचा नवा कण होता: लायपोप्रोटीन-ए. एलडीएलसारख्याच कणावर एपो-बीला जोडून आणखी एक प्रथिन लटकलेले, आणि ते आईबापाकडून वारशाने येते. पुढे समजले की ते प्रत्येकाच्याच रक्तात कमी-जास्त प्रमाणात असते. सशांचे सीरम फक्त ज्यांच्यात ते जास्त होते त्यांनाच दाखवत होते. ज्याच्या रक्तात ते भरपूर, त्याला हृदयविकाराचा धोका जास्त. व्यायामाने किंवा तेल कमी केल्याने त्याची पातळी फारशी हलत नाही.

घोडा आणि ससा यांचा एक तोटा होता. एका प्राण्याचे सीरम संपले की तेच प्रतिपिंड पुन्हा मिळत नाही. दुसरा ससा पहिल्या सशासारखे सीरम देत नाही. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोहलर आणि सीझर मिल्स्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. ही जोडपेशी मरत नाही आणि एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तितके देत राहते. आपल्या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. प्रयोगशाळांचे जग बदलले. १९७१ साली आलेली एलायझा पद्धत, आणि त्याआधी रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांची किरणोत्सारी मोजणी, या दोन्हींना आता भरवशाचे प्रतिपिंड मिळाले. किरणोत्सारी मोजणीचे थायरॉइडसारख्या तपासण्यांचे देशी संच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कामातून तयार झाले आणि १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नवी मुंबईच्या विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळामार्फत (ब्रिट) देशभरच्या प्रयोगशाळांत पोचले.

चरबीवाहक प्रथिनांच्या बाबतीत प्रतिपिंडाने कधी कधी 'काहीच नाही' असे सांगूनही मोठा शोध दिला. जपानमधल्या काही कुटुंबांत एचडीएल फारच जास्त आढळत होते. एका कणातून दुसऱ्या कणात चरबी हलवणारे सीईटीपी नावाचे प्रथिन आहे. त्याच्यावरचे प्रतिपिंड या कुटुंबांतल्या काहींच्या रक्तात टाकले, तर काहीच पकडले गेले नाही. ते प्रथिन त्यांच्यात बनतच नव्हते, आणि १९८९ मध्ये त्यामागचा जनुकातला दोष सापडला. मग औषध कंपन्यांनी सीईटीपी बंद पाडणारी औषधे बनवायला घेतली. पण पहिले मोठे औषध, टॉर्सेट्रापिब, सुमारे १५,००० रुग्णांवरच्या चाचणीत मृत्यू वाढल्यामुळे डिसेंबर २००६ मध्ये थांबवावे लागले. प्रथिन सापडले म्हणजे उपाय सापडला असे होत नाही, हे त्या चाचणीत भाग घेतलेल्या लोकांनी आपल्या जिवाचे मोल देऊन दाखवले.

प्रतिपिंड चुकू शकते, हेही या इतिहासाचाच भाग आहे. २०१५ साली 'नेचर'मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या सहीने लेख आला. बाजारात विकत मिळणाऱ्या कित्येक प्रतिपिंडांना नेमून दिलेले प्रथिन नीट ओळखताच येत नाही, असे त्यात होते. लायपोप्रोटीन-ए मोजताना हीच अडचण वेगळ्या रूपात आली होती. त्या प्रथिनात एक तुकडा पुन्हापुन्हा येतो, आणि किती वेळा येतो ते प्रत्येक माणसात वेगळे असते. प्रतिपिंड त्या तुकड्याला चिकटणारे असेल, तर लांब प्रथिन असणाऱ्याचा आकडा फुगतो आणि आखूड प्रथिन असणाऱ्याचा कमी दिसतो. धोका आखूडवाल्यांना जास्त, म्हणजे ज्याला सावध करायला हवे त्यालाच रिपोर्ट निर्धास्त करणार. सिएटलच्या सँटिका मार्कोव्हिना यांच्या चमूने प्रथिनात एकदाच येणाऱ्या जागी चिकटणारे प्रतिपिंड निवडले आणि मोजणी मार्गावर आणली. एका प्रतिपिंडाने नेमके कुठे बोट ठेवायचे, यावर रुग्णाचे उपचार ठरतात. त्यामुळे प्रतिपिंड तपासून घेणाऱ्याचे काम ते बनवणाऱ्याच्या कामाइतकेच मोलाचे आहे.

याचा महाराष्ट्राशी संबंध काय, याचे उत्तर नागपुरात सापडते. ५२ देशांतल्या हृदयविकाराच्या इंटरहार्ट या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. एपो-बी आणि एपो-ए-१ या दोन वाहकांचे प्रमाण हे हृदयविकाराच्या झटक्याशी सर्वांत घट्ट जोडलेले कारण ठरले, आणि या दोन्ही प्रथिनांची मोजणी प्रतिपिंडांवर चालणाऱ्या पद्धतीने झाली होती. त्याच अभ्यासातली भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका या देशांची माहिती नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. त्यात १,७३२ रुग्ण आणि २,२०४ निरोगी माणसे होती. आपल्याकडे पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ वर्षे निघाले, तर इतर देशांत ५८.८. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे आधी. घरातला कमावता माणूस मुलांची शिक्षणे आणि लग्ने व्हायच्या आतच पडतो, ही गोष्ट मराठवाड्यातल्या कुटुंबांना आकड्यांशिवायही ठाऊक आहे. २०१९ मध्ये याच अभ्यासातून लायपोप्रोटीन-एची मोजणी पुढे आली. त्याची पातळी उंच असलेल्या दक्षिण आशियाई माणसांत झटक्याची शक्यता दुपटीहून थोडी जास्त होती.

हा धोका दाखवणारी मोजणी इस्लापूरच्या वाट्याला अजून नीट आलेली नाही. हिवतापाची पट्टी घरोघरी पोचली आहे. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब, द्रावणाचे थेंब, आणि पंधरा-वीस मिनिटांत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना बांधलेल्या प्रतिपिंडांची लाल रेघ. यंत्र नको, वीज नको. उख्टरलोनींच्या बशीत दोन दिवसांनी दिसणारी रेघ आता कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या अंगणात दिसते. एपो-बी आणि लायपोप्रोटीन-एची गोष्ट वेगळी आहे. त्यांना स्वयंचलित यंत्र लागते, म्हणून बाटलीतले रक्त शहराकडे जाते. राज्य सरकारच्या आरोग्य केंद्रांतून जमा झालेले नमुने महालॅबच्या प्रयोगशाळांत नेण्याची व्यवस्था आहे आणि साधे लिपिड प्रोफाइल त्यातून होते. वाहकांची थेट मोजणी मात्र बहुतेक वेळा नांदेड, हैदराबाद किंवा मुंबईच्या मोठ्या लॅबच्या भरवशावर असते आणि तिचे पैसे खिशातून जातात.

लायपोप्रोटीन-एची एक सोय अशी की पातळी वारशाने ठरत असल्याने ती जन्मभर फारशी बदलत नाही. म्हणून युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक प्रौढाची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी असे सांगितले. दर महिन्याला तपासणी, असे काही लागत नाही. ज्या घरात वडील, काका किंवा मोठा भाऊ पंचेचाळिशीच्या आत हृदयविकाराने गेला आहे, त्या घरातल्या तरुणाचे रक्त एकदा घेतले तरी पुष्कळ कळते. किनवट, माहूर, हिमायतनगर या पट्ट्यात जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे म्हणजे दिवसाची मजुरी सोडणे. अशा घरांसाठी आरोग्य केंद्राच्या रक्त गोळा करण्याच्या दिवशी आणखी एक बाटली भरून घेण्याची सोय झाली, तर ऑस्लोच्या सशांनी दाखवलेल्या त्या प्रथिनाचा शोध पैनगंगेकाठच्या घरांपर्यंतही पोचेल.